पाटी काढली, खोली मात्र भरलेलीच!

रात्रीचे दोन वाजले आहेत. एका मोठ्या रुग्णालयाची पॅथॉलॉजी लॅब. रक्ताचे नमुने येत आहेत, तपासणीची यंत्रे चालू आहेत, आकडे संगणकात उतरत आहेत. पण रिपोर्ट काही केल्या तयार होत नाही. 'प्रिंट'चे बटण दाबले की पडद्यावर एकच ओळ उमटते : डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. तेवढ्यात अतिदक्षता विभागातून फोन येतो, "त्या आजोबांचं पोटॅशियम किती आलं?" तंत्रज्ञ यंत्राच्या छोट्या पडद्यावरून आकडा वाचून दाखवतो आणि पलीकडे सिस्टर तो कागदावर लिहून घेतात. ५.६ आणि ६.५ यांत ऐकणाऱ्याची गल्लत व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि त्या दोन आकड्यांत उपचारांचा केवढा तरी फरक असतो. रिपोर्ट संगणकातून सरळ डॉक्टरांपर्यंत जावा, अशी सोय केलेली असते ती ही गल्लत टाळण्यासाठीच.

सर्व्हर सांभाळणाऱ्याला झोपेतून उठवले जाते. तो घरून लॅपटॉप उघडून सर्व्हरला विचारतो, जागा किती उरली? सर्व्हर सांगतो, 'टीएमपी' नावाचा तात्पुरत्या फायलींचा भाग ८ जीबीचा आहे आणि तो शंभर टक्के भरला आहे. ठीक आहे, मग कोणत्या फायलींनी तो भरलाय? दुसरी कमांड देऊन तो सगळ्या फायलींची बेरीज करायला सांगतो. उत्तर येते : ४० एमबी. म्हणजे आठ जीबीच्या कोठारात पोतेभर धान्य दिसते आहे आणि पहारेकरी म्हणतो, आत पाय ठेवायला जागा नाही!

हा प्रसंग कल्पित आहे, पण बिघाड मात्र कल्पित नाही. युनिक्स आणि लिनक्स या जातीचे सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला तो कधी ना कधी येतो. आणि 'ते संगणकवाल्यांचं काहीतरी असतं' म्हणून सोडून देण्याइतका तो आपल्यापासून लांबही नाही. बँका, तिकीट आरक्षण, रुग्णालये, सरकारी पोर्टल यांच्यामागची असंख्य यंत्रे लिनक्सवर चालतात. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवरचे आहेत. तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच.

कच्च्या कामाची वही

शाळेत आपल्याकडे एक रफ वही असायची. गणित आधी तिच्यात सोडवायचे आणि मग उत्तर पक्क्या वहीत उतरवायचे. वर्ष संपले की ती रद्दीत. युनिक्समध्ये 'टीएमपी' नावाचे फोल्डर म्हणजे हीच रफ वही. फरक एवढाच, की ती एकट्याची नसून साऱ्या वर्गाची मिळून एकच असते. एखाद्या प्रोग्रामला लाखभर नोंदी क्रमाने लावायच्या असतील, रिपोर्टची पीडीएफ जुळवायची असेल, अपलोड होत असलेला एक्स-रे पूर्ण येईपर्यंत कुठेतरी ठेवायचा असेल, तर तो ही वही उघडतो. कोणीही लिहू शकते, पण दुसऱ्याचे लिहिलेले पुसता येत नाही, असा तिचा एक खास नियम असतो. (सर्व्हरच्या मालकाला म्हणजे 'रूट'ला अर्थातच सगळे पुसता येते. त्याचा उपयोग आणि दुरुपयोग पुढे येईलच.)

सगळ्यांची एकच वही असल्याचा तोटाही सगळ्यांना एकदमच होतो. एका प्रोग्रामने पाने संपवली की बाकीचे सगळे अडतात. म्हणून बिघाडाची लक्षणे अगदी भलत्या ठिकाणी दिसतात. रिपोर्ट निघत नाही, म्हणून लोक प्रिंटर तपासतात. डेटाबेसचा एखादाच प्रश्न अडतो, म्हणून डेटाबेसवाल्याला फोन लावतात. खरे दुखणे तिसरीकडेच असते. पोटातल्या दुखण्याची कळ खांद्यात यावी, तसा हा प्रकार.

अलीकडच्या बऱ्याच सर्व्हरांवर ही रफ वही डिस्कवर नसतेच, ती मेमरीत म्हणजे 'रॅम'मध्ये असते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही युक्ती काढली. डिस्कपेक्षा मेमरी कितीतरी वेगवान; आणि जे उद्या फेकायचेच आहे ते दगडावर कशाला कोरायचे, हा त्यामागचा सरळ विचार. लिनक्सच्या 'फेडोरा' या अवताराने २०१३ मध्ये आणि 'डेबियन'ने २०२५ मध्ये हाच मार्ग धरला. वेगळे काही सांगितले नसेल तर लिनक्स अशा मेमरीतल्या फोल्डरला एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू देते. वरच्या गोष्टीतल्या सर्व्हरची रॅम १६ जीबी असेल, तर टीएमपी ८ जीबीचा निघतो, तो असा. आणि अशा ठिकाणी टीएमपी भरला, याचा अर्थ केवळ रफ वही संपली एवढाच नसतो. सर्व्हरची निम्मी मेमरीही अडकून पडलेली असते, त्यामुळे सारे यंत्रच रेंगाळू लागते.

चाळ, गॅलरी आणि मालकाची वही

आता त्या दोन उत्तरांकडे येऊ. पहिल्या कमांडचे नाव 'डीएफ', दुसरीचे 'डीयू'. दोन्ही खरे बोलतात. प्रश्न वेगवेगळे आहेत म्हणून उत्तरे वेगवेगळी आली, इतकेच.

गिरगावातली एखादी जुनी चाळ घ्या. किती खोल्या भरल्या आहेत हे कळण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे गॅलरीतून चालत जायचे आणि दारांवरच्या पाट्या मोजायच्या. दुसरा, मालकाकडे जाऊन त्याची वही पाहायची. 'डीयू' गॅलरीतून हिंडणारा आहे. तो फोल्डरमध्ये शिरतो, जी नावे दिसतील त्या प्रत्येकाने किती जागा घेतली ते विचारतो आणि बेरीज करतो. 'डीएफ' गॅलरीत पाऊलही टाकत नाही. तो थेट मालकाची वही उघडतो आणि रिकाम्या खोल्या किती ते सांगतो. म्हणूनच मोठ्या डिस्कवर 'डीयू'ला मिनिटे लागतात आणि 'डीएफ' क्षणात उत्तर देतो.

आता समजा, एका खोलीची पाटी काढून टाकली आहे, पण भाडेकरू आतच आहे. गॅलरीतून जाणाऱ्याच्या हिशेबी ती खोली नाहीच. मालकाच्या वहीत मात्र ती भरलेली आहे, कारण माणूस अजून बाहेर पडलेला नाही.

युनिक्समध्ये फाइलचे नेमके हेच होते. आपल्याला वाटते, फाइल म्हणजे तिचे नाव. युनिक्सच्या लेखी नाव ही केवळ दारावरची पाटी. खरी फाइल म्हणजे आतला मजकूर आणि त्याची एक क्रमांकित नोंद. या नोंदीला 'आयनोड' म्हणतात. (त्यातल्या 'आय'चा अर्थ काय, हे युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांनाही नक्की सांगता आले नव्हते, 'इंडेक्स'मधला असावा, असा त्यांचा अंदाज होता.) नोंदीत फाइलचा मालक, आकार, तारखा आणि मजकूर डिस्कवर कुठे आहे ते लिहिलेले असते. नाव मात्र त्यात नसते! नाव फोल्डरमध्ये असते आणि ते नोंदीकडे बोट दाखवते. एकाच दारावर दोन भावांच्या दोन पाट्या असाव्यात, तशी एका फाइलला दोन नावेही असू शकतात. नोंदीत फक्त एवढेच लिहितात की पाट्या किती आहेत.

केन थॉम्प्सन आणि रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून युनिक्स घडवायला घेतले, आणि जुलै १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गाजलेल्या शोधनिबंधात ही रचना सविस्तर मांडली आहे. पन्नास वर्षे उलटली, तरी आजही तीच चालते. या रचनेत 'डिलीट' नावाची क्रियाच नाही, हे गमतीचे आहे. जे आहे त्याचे नाव 'अनलिंक', म्हणजे दुवा तोडणे. आपल्या भाषेत, पाटी काढणे. पाट्यांची संख्या शून्यावर आली आणि फाइल कोणीही उघडून बसलेले नसेल, तरच जागा मोकळी होते. यातली दुसरी अट लोक विसरतात.

ही अट कशाला?

विंडोज वापरणाऱ्यांना एक संदेश तोंडपाठ असेल : ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे, काढता येणार नाही. कोणता प्रोग्राम, ते बऱ्याचदा कळत नाही आणि आपण चिडतो. युनिक्सने उलटा मार्ग घेतला. पाटी काढायची आहे? काढा. आत बसलेल्याला त्रास होणार नाही. तो आपले काम पुरे करील, बाहेर पडेल, आणि तो गेला की खोली आपोआप रिकामी होईल. याच कारणाने लिनक्सच्या सर्व्हरवर एखाद्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती चालू असताना तिच्या जागी नवी बसवता येते. चालू असलेले काम जुन्या फायलींवर सुरू राहते, पुढच्या वेळी नव्या वापरात येतात. रुग्णालयासारख्या चोवीस तास चालणाऱ्या ठिकाणी ही सोय किती मोलाची, ते वेगळे सांगायला नको.

काही प्रोग्राम तर मुद्दामच पाटी काढतात. तात्पुरती फाइल उघडायची आणि उघडताक्षणी तिचे नाव पुसून टाकायचे, असा युनिक्समधला जुना प्रघात आहे. फायदा असा, की प्रोग्राम मध्येच कोसळला तरी मागे कचरा उरत नाही. प्रोग्राम मेला की फाइलही गेली. शिवाय नावच नसल्याने दुसऱ्या कोणाला ती सहज उघडून पाहता येत नाही. 'मायएसक्यूएल' हा लोकप्रिय डेटाबेस असे करतो, आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत त्याचा तोटाही प्रामाणिकपणे लिहिला आहे : टीएमपी भरणारी ही प्रचंड फाइल तुम्हाला यादीत दिसणार नाही.

आमच्या गोष्टीतल्या लॅबमध्ये मात्र डेटाबेसचा दोष नव्हता. समजा, असे झाले होते : काही दिवसांपूर्वी तपासणी यंत्रांशी बोलणारा प्रोग्राम कुरकुर करत होता. तो नीट करायला आलेल्याने 'सगळे तपशील लिहून ठेव' अशी सूचना त्याला दिली आणि ती बंद करायची राहिली. प्रोग्राम टीएमपीत लॉग, म्हणजे रोजनामचा, लिहीत सुटला. सेकंदाला अवघे १२ किलोबाइट, म्हणजे फुलस्केपची जेमतेम चारपाच पाने. पण दिवसाचे सेकंद ८६,४०० असतात. बारा किलोबाइटने गुणा, दिवसाला एक जीबी झाला! दोन दिवसांनी सर्व्हरवाल्याच्या नजरेस ही दोन जीबीची फाइल पडली. त्याने ती काढून टाकली, 'डीयू'ने जागा तपासली, सगळे स्वच्छ दिसले आणि तो निर्धास्त झाला. प्रत्यक्षात त्याने फक्त पाटी काढली होती. आत रोजनामचा लिहिणे सुरूच होते. आणखी सहा दिवसांनी आठ जीबी भरले, ते रात्री दोन वाजता.

म्हणजे गाठ बांधली ती सफाई करणाऱ्यानेच. असे फार वेळा घडते. फाइल सहज दिसत होती तोवर तिच्यावर इलाज सोपा होता. ती काढली आणि मग ती अदृश्य झाली.

संशयित एकच नसतो

अनुभवी माणूस मात्र लगेच या निदानावर उडी मारत नाही. ताप आला म्हणजे मलेरियाच, असे समजणाऱ्या डॉक्टरसारखे ते होईल. 'डीएफ' आणि 'डीयू' यांचे न जुळण्याची आणखी कारणे असतात आणि ती एकेक करून बाद करावी लागतात.

सर्वांत साधे कारण म्हणजे बेरीज करणाऱ्याला सगळीकडे शिरण्याची परवानगीच नसणे. सामान्य वापरकर्ता म्हणून 'डीयू' चालवला, तर बंद दारांमागचे त्याला दिसत नाही. रूट म्हणून चालवा आणि पुन्हा पाहा. दुसरे, टिंबाने सुरू होणारी नावे. युनिक्समध्ये अशा फायली साध्या यादीत दाखवत नाहीत. 'डीयू' त्या मोजतो, पण डोळ्यांनी यादी चाळणारा फसतो.

तिसरे कारण जास्त मजेदार. घरातल्या भिंतीत कोनाडा आहे, त्यात सामान भरलेले आहे, आणि कोणीतरी त्याच्या पुढ्यात कपाट आणून ठेवले. सामान गेले नाही, फक्त दिसेनासे झाले. युनिक्समध्ये भरलेल्या फोल्डरवर दुसरी डिस्क जोडली, की खालच्या फायली अशाच झाकल्या जातात. त्या जागा व्यापतात, मोजणाऱ्याला सापडत नाहीत. मात्र इथे भरलेला दिसतो तो कोनाडा ज्या भिंतीत आहे ती भिंत, म्हणजे मूळ डिस्क, कपाट नव्हे. त्यामुळे नेमका कोणता भाग भरला आहे, हे 'डीएफ'च्या यादीत नीट वाचले तर हा संशयित लवकर सुटतो किंवा सापडतो.

चौथा प्रकार उलटा असतो. जागा भरपूर दिसते आणि तरीही 'जागा नाही' हाच संदेश येतो. मालकाच्या वहीतली पानेच संपलेली असतात. एकेक ओळीच्या लाखो चिमुकल्या फायली झाल्या, की खोल्या रिकाम्या असूनही नोंद करायला आयनोड उरत नाही. 'डीएफ'लाच जागेऐवजी नोंदी मोजायला सांगितले की ते क्षणात कळते. ही तपासणी इतकी सोपी आहे, की ती पहिल्याच मिनिटात करून टाकावी.

हे सगळे बाद झाले, की उरतो पाटी नसलेला भाडेकरू. त्याला शोधायला गॅलरीत फिरून उपयोग नाही, दारांवर टकटक करायला हवी. ते काम करणाऱ्या प्रोग्रामचे नाव 'एलएसओएफ', म्हणजे 'उघड्या फायलींची यादी'. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या व्हिक एबेल यांनी तो लिहिला. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामने कोणत्या फायली उघडून ठेवल्या आहेत, ते तो सांगतो. त्याला एक खास प्रश्न विचारता येतो : ज्यांच्या पाट्यांची संख्या एकपेक्षा कमी आहे, तेवढ्याच दाखव. एकपेक्षा कमी म्हणजे शून्य. आमच्या लॅबच्या सर्व्हरवर या प्रश्नाला एका ओळीचे उत्तर आले असते : यंत्रांशी बोलणारा प्रोग्राम, त्याचा क्रमांक, फाइलचा आकार जवळजवळ आठ जीबी, आणि शेवटी कंसात एक शब्द, 'डिलीटेड'.

आठ जीबी उणे ४० एमबी. हिशेब जुळला. निदानाची खात्री अशी आकड्यांनीच करायची असते. 'एलएसओएफ'ने दाखवलेल्या फायलींची बेरीज त्या फरकाएवढी भरली नाही, तर अजून कोणीतरी लपलेले आहे असे समजावे.

रीस्टार्टचा मोह

रात्री दोन वाजता सर्वांत मोठा मोह असतो तो सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करण्याचा. आणि त्याने काम होते, हीच अडचण आहे. सगळे प्रोग्राम बंद होतात, सगळ्या उघड्या फायली मिटतात, टीएमपी मेमरीत असेल तर तो मुळापासून कोरा होतो. रिपोर्ट निघू लागतात. पण कोणी जागा खाल्ली होती, याचा पुरावाही त्याबरोबर पुसला जातो आणि आठ दिवसांनी पुन्हा रात्री दोन वाजता तोच फोन येतो. माझ्या मते, दर आठवड्याला 'सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो' असे जिथे सवयीने सांगितले जाते, तिथे कोणीतरी 'एलएसओएफ'ची ती एक ओळ वाचायची टाळलेली असण्याची शक्यता दाट आहे.

रीस्टार्ट करायचेच तर तेवढा एक प्रोग्राम करावा. तो मिटला की कर्नल, म्हणजे सर्व्हरचा गाभा, त्याच्या हातातल्या सगळ्या फायली सोडवून घेतो आणि आठ जीबी जागच्या जागी मोकळे होतात. दोनतीन मिनिटे यंत्रांचे आकडे खोळंबतील, म्हणून लॅबला आधी सांगावे. बरेच प्रोग्राम याहून सभ्य असतात. त्यांना एक ठरावीक इशारा दिला, की ते न थांबता जुना रोजनामचा मिटून नवा उघडतात.

प्रोग्राम क्षणभरही थांबवता येणार नाही, अशी वेळ आली तर लिनक्समध्ये एक चोरवाट आहे. 'प्रॉक' नावाच्या एका आभासी फोल्डरमध्ये प्रत्येक चालू प्रोग्रामच्या उघड्या फायलींकडे जाणारे दरवाजे असतात, नाव पुसलेल्या फायलींचेही. तिथून आत शिरून फाइलचा मजकूर शून्यावर आणता येतो. भाडेकरू राहतो, सामान जाते. पण हे रोजनाम्याच्या बाबतीत ठीक. डेटाबेसने हातात धरलेल्या तात्पुरत्या फाइलवर असा हात चालवला, तर अर्धवट हिशेबाचा विचका होईल. हाच दरवाजा उलट्या कामीही येतो. कोणी चुकून महत्त्वाची फाइल काढली आणि ती अजून एखाद्या प्रोग्रामच्या हातात उघडी असेल, तर तिथून तिची नक्कल काढून घेता येते. अशा वेळी घाबरून सर्व्हर रीस्टार्ट करणे म्हणजे उरलीसुरली प्रत स्वतःच्या हाताने जाळणे.

आणि मूळ इलाज? तपशील लिहिण्याची सूचना बंद करणे, रोजनामचा टीएमपीत न ठेवता त्याच्या हक्काच्या जागी ठेवणे, आणि चालू रोजनामचा फार वाढला तर तो काढून न टाकता रिकामा करणे. 'टीएमपी ऐंशी टक्के भरला' असा संदेश दिवसाढवळ्या येण्याची सोय करणे तर अगदी स्वस्तातले. तो संदेश मात्र 'डीएफ'च्या आकड्यावरून यायला हवा, 'डीयू'च्या नव्हे.

मंगळावरच्या साफ न झालेल्या फायली

नाव पुसले म्हणजे जागा सुटली, या समजुतीचा फटका एकदा थेट मंगळावर बसला होता. ती यंत्रणा युनिक्सची नव्हती आणि बिघाडही हुबेहूब हाच नव्हता, पण दोघांचे गोत्र एक.

४ जानेवारी २००४ रोजी नासाची 'स्पिरिट' ही बग्गी मंगळावरच्या गुसेव्ह विवरात उतरली. तिची जुळी बहीण 'ऑपॉर्च्युनिटी' तीन आठवड्यांनी दुसऱ्या बाजूला उतरणार होती. २१ जानेवारीला, म्हणजे मंगळावरच्या अठराव्या दिवशी, स्पिरिटने नीट बोलणे बंद केले. पॅसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत कधी नुसता 'पीं' असा सूर ऐकू येई, कधी काहीच नाही. दोन दिवसांनी थोडी माहिती हाती आली, ती काळजी वाढवणारी होती. बग्गीचा संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत होता, साठहून अधिक वेळा. रात्री झोपायचेही तो विसरला होता आणि बॅटरी उतरत चालली होती.

स्पिरिटच्या पोटात २५६ एमबीची फ्लॅश मेमरी होती. वीज गेली तरी ती माहिती जपते. तिच्यात छायाचित्रे आणि मोजमापे फायलींच्या रूपात साठवली जात, आणि पृथ्वी ते मंगळ या प्रवासात साठलेल्या फायलीही तिथेच होत्या. त्या काढून टाकणारा एक प्रोग्राम काही दिवस आधी पाठवला होता, पण त्याचा एक तुकडा नीट पोचला नाही आणि तो पुन्हा पाठवायच्या आतच हे घडले. गोम अशी होती, की या फायलींची सूची संगणक रॅममध्ये उतरवून घेत असे आणि ही सूची फक्त वाढत जायची. फाइल काढली तरी सूचीतल्या तिच्या ओळीवर काट मारली जाई; ओळ तिथेच राही. फ्लॅशमध्ये जागा शिल्लक असताना सूचीला लागणारी रॅम मात्र संपली. संगणक अडखळला आणि रीस्टार्ट झाला. चालू होताच त्याने पहिले काम केले ते सूची पुन्हा रॅममध्ये घेण्याचे. पुन्हा रॅम संपली, पुन्हा रीस्टार्ट. रीस्टार्टने आजार बरा होण्याऐवजी रीस्टार्टच आजाराचा भाग झाला होता.

सुटका झाली ती आधीच्या दूरदृष्टीमुळे. फ्लॅशला हातही न लावता, फक्त रॅमच्या भरवशावर संगणक सुरू करण्याची एक आज्ञा अभियंत्यांनी त्यात ठेवून दिली होती. ती पाठवली आणि स्पिरिट शुद्धीवर आली. मग सावकाश तपासणी झाली, जुन्या फायली काढल्या गेल्या, फ्लॅश मेमरी कोरी करून नव्याने आखली गेली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बग्गी पुन्हा खडक घासू लागली. नव्वद दिवसांच्या बेताने पाठवलेल्या या बग्गीचा शेवटचा संदेश २२ मार्च २०१० रोजी आला.

फ्लॅशवाचून जगण्याची ही युक्ती पुढे ऑपॉर्च्युनिटीच्याही कामी आली. दहा वर्षांनी, २०१४ च्या अखेरीस, तिची फ्लॅश मेमरी झिजून विसरभोळी झाली, तेव्हा तिला काही काळ केवळ रॅमवर चालवण्यात आले. रॅमवरची रफ वही वीज गेली की पुसली जाते. म्हणून दिवसभराची छायाचित्रे आणि मोजमापे संध्याकाळी, बग्गी झोपण्यापूर्वी, वर घिरट्या घालणाऱ्या यानाकडे पाठवून द्यावी लागत. जे राहून जाई, ते सकाळी नसे.